सिस्टरांच्या मळ्यातलं तळं

शनिवार पेठ, पुणे
११ जानेवारी २०२६

आदरणीय सिस्टर रेजिना यांना
हेमाचा नमस्कार.

तुमचं नाताळचं पत्र आणि सुकेळीचं पुडकं एकाच दिवशी आलं. आमच्या ह्यांनी आधी पुडकं उघडलं. "सुकेळी आली म्हणजे सिस्टर खुशाल. पत्र सावकाश वाच," असं म्हणून दोन तुकडे तोंडात टाकले. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलंय, हे मी बोलून दाखवलं नाही. निवृत्त बँक मॅनेजरशी वाद घालायचा तर पुरावे लागतात.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, याचं मला कधीकधी बरंच वाटतं. नाहीतर पत्र लिहायची माझी सवय केव्हाच गेली असती. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. भिंग जवळ ठेवा.

मळ्याचं काय चाललंय, असं तुम्ही विचारलंत. आणि पत्राच्या शेवटी, समासात, "माझी जागा नीट आहे ना?" असंही विचारलंत. त्याचं उत्तर लिहिणार आहे. पण आधी मळ्याचं सांगते.

सासवड रस्त्याला घाटाच्या अलीकडचा तुमचा तो मळा तुमच्या संघाने भाडेपट्ट्याने दिला, हे तुम्हाला कळवलंच होतं. तिथे राहायला नव्या सिस्टर्स येत नाहीत, जागा ओस पडण्यापेक्षा मुलांच्या उपयोगी पडावी, असं त्यांचं म्हणणं. तिथे आता आमच्या संस्थेचं विभागीय केंद्र होणार. हवामान बदलाला तोंड कसं द्यायचं याचं शिक्षण आणि त्यातूनच रोजगार, असं एकंदर स्वरूप. नाव इतकं लांब आहे की एका पाटीवर मावत नाही. हे त्याला 'हवापाण्याचं कॉलेज' म्हणतात, आणि आता समितीतली मंडळीसुद्धा तेच म्हणायला लागली आहेत.

शिकवायचं काय, तर सौर पंप बसवणं आणि दुरुस्त करणं, सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा चालवणं, ओढ्यांचं पाणी अडवणं, उन्हाळ्यात भट्टी होणार नाहीत अशी घरं बांधणं. दहावी-बारावी झालेली मुलं-मुली येतील आणि काम शिकूनच बाहेर पडतील. पुणे, सोलापूर, सातारा तर आहेतच, पण मराठवाड्यातून आणि वऱ्हाडातूनही येतील असा अंदाज आहे. तशीही तिकडची मुलं पुण्यात येतातच. मिळेल ते काम करतात आणि एका खोलीत सहाजण राहतात.

आराखड्याचं काम माझ्याकडे आहे. नगररचना खात्यात मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नकाशांवर सह्या केल्या. हा पहिला नकाशा माझा स्वतःचा. कागद पसरला तेव्हा तुमचा भूगोलाचा तास आठवला. तुम्ही आम्हाला मैदानावर नेऊन बादलीभर पाणी ओतायचात आणि म्हणायचात, "आधी बघा पाणी कुठे जातं. मग पेन्सिल उचला." वर्गात इंग्रजीच बोलायचं, मराठी बोललं की नाव फळ्यावर. पण हे वाक्य तुम्ही मैदानावर मराठीत म्हणायचात, तुमच्या त्या वसईच्या हेलात. म्हणूनच ते लक्षात राहिलं असावं.

तर मी तेच केलं. पाणी कुठे जातं ते पाहिलं. वरच्या सपाटीवर मुलींचं वसतिगृह. तिथला मुरूम पक्का आहे, इमारतीला उत्तम. मधल्या टप्प्यावर वर्ग, कार्यशाळा आणि सभागृह. आणि सगळ्यात खाली, ओढ्याकडच्या कोपऱ्यात, पावसाचं पाणी साठवायचं तळं. गावाला मार्चपासून टँकर लागतो. गावच्या विहिरीतून एक घागरही घ्यायची नाही, ही आमची पहिली अट. गावचं पाणी पिऊन गावातल्याच मुलांना पाणी वाचवायला शिकवायचं, हे काही बरं दिसत नाही. त्यामुळे तळं नाही तर केंद्रही नाही.

वसतिगृहावरून खूप भांडण झालं. समितीच्या अध्यक्षांचं म्हणणं, ते दुसऱ्या टप्प्यात करू. उत्कर्षा म्हणून आमची अभ्यासक्रम पाहणारी मुलगी आहे, परभणीकडची. ती म्हणाली, "सर, दुसरा टप्पा म्हणजे कधीच नाही. आणि वसतिगृह नाही तर मुली नाहीत. माझ्या बापानं मला पुण्याला पाठवलं ते फक्त वॉर्डनचा चेहरा बघून."

अध्यक्ष म्हणाले, "आणि उद्घाटन कुठे करायचं? वसतिगृहाच्या व्हरांड्यात?"

"करा की," उत्कर्षा म्हणाली. "तिथं पंखे पण असतील."

शेवटी वसतिगृह पहिल्या टप्प्यात आलं आणि सभागृहही राहिलं. सभागृहाचं चित्र सोबतच्या नकाशात बाजूला काढलं आहे. बघून तुम्हाला ओळख पटेल. उंच खिडक्या, लाकडी तक्तपोशी, रंगमंचाला समोरून तीन रुंद पायऱ्या. आपल्या शाळेचा हॉल पाडला त्याला किती वर्षं झाली. त्याच पायऱ्यांवर बसून आम्ही सिस्टर फिलोमिनांकडे गाणी शिकलो. खिडकीतून चारच्या सुमाराला ऊन यायचं आणि त्यांच्या पेटीवर पडायचं. मी खिडक्यांची तोंडं तशीच ठेवली आहेत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

गेल्या आठवड्यात तळ्याची आखणी करायला आम्ही गेलो होतो. आमोद हा आमचा साइट इंजिनिअर, हुशार आहे, बोलतो मात्र फार. तो फक्कीची रेघ ओढत ओढत खालच्या कोपऱ्यात गेला. मोजणीच्या नकाशात त्या कोपऱ्यात 'फुलांचे वाफे' असं लिहिलंय. मीही माझ्या नकाशात तेच उतरवून घेतलं होतं. खरोखरच वाफेच दिसतात. सपाट दगड, भोवती सदाफुलीची कड, एकापाठोपाठ एक.

आमोद एका दगडावर उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ही वाफ्यांची कड उद्या काढून टाकू ना?"

ज्ञानदेव पाणी घालत होते. तुमचे माळी. अजून रोज येतात. ते नळी खाली ठेवून म्हणाले, "वाफं न्हाईत सायेब. सिस्टर हायेत."

आमोदने पाय उचलला. दुसरा कुठे ठेवावा ते त्याला कळेना. तो तसाच एका पायावर उभा राहिला.

ज्ञानदेवांनी नळीच्या पाण्याने दगड धुऊन दाखवले. नावं बारीक आहेत, पण दिसतात. पहिल्यावर सिस्टर फिलोमिना. मग मदर क्लेअर आणि पुढच्या तिघी. पाचांमध्ये एकाही दगडावर क्रूस उभा नाही. नंतर तुमच्या पुण्याच्या कार्यालयात विचारलं तेव्हा कळलं, की जमिनीच्या वर काही उभारायचं नाही असा तुमचा नेमच होता. सिस्टर फिलोमिना गेल्याचं मला त्या वेळी कळलं होतं. शहरातल्या दफनभूमीत असतील असं मी धरून चालले होते. मळ्याला मी शाळेतून सहलीला यायचे, तेव्हा त्या कोपऱ्यात कोणीच नव्हतं.

आणि रांगेच्या शेवटी एक वाफा आहे, भुसभुशीत, तण काढलेला, पण मोकळा. मी ज्ञानदेवांना विचारलं, याच्यात काही का नाही लावलं? ते म्हणाले, "ही जागा रेजिना सिस्टरांची. त्यांनी सांगितलंय, फुलं आत्ताच लावू नको."

सिस्टर, मला मनापासून हसू आलं, आणि मग लगेच कळलं की तुम्ही समासात कुठल्या जागेबद्दल विचारलं होतंत.

जागा नीट आहे. पण ती तळ्याच्या मधोमध येते.

समितीला मी हे सांगितलं. तुमच्या इथल्या प्रमुख सिस्टर म्हणाल्या, चर्चची रीतसर परवानगी घेऊन पाचही जणींना शहरातल्या दफनभूमीत सन्मानाने नेता येईल. पूर्वी असं झालं आहे. मात्र, मळ्यावर राहिलेल्यांपैकी आता एकट्या सिस्टर रेजिना आहेत, त्यांना विचारा, त्या हो म्हणाल्या तर आमची हरकत नाही. अध्यक्ष म्हणाले, "मग प्रश्नच नाही. त्या कशाला नाही म्हणतील? त्याग हेच तर त्यांचं जीवन." मला तुम्हाला लिहायला सांगितलं.

कसं विचारायचं ते मला येत नाही. आमच्याकडे जागा उरतच नाही. माझ्या आईच्या अस्थी आम्ही संगमावर सोडल्या. कधी तिची फार आठवण आली तर मी लकडी पुलावर जाऊन थोडा वेळ उभी राहते, आणि मागून कोणीतरी हॉर्न वाजवतं. एखाद्याला जाऊन बसायला जागा असणं म्हणजे काय, हे मला नुसतं ऐकून माहीत आहे.

पण हेही लिहायला हवं. तळं वरच्या सपाटीवर नेलं तर मुलींचं वसतिगृह जातं. उत्कर्षा म्हणते तसं, मग मुलीच जातात. नकाशा सोबत आहे. तुम्हाला काय वाटतं ते कळवा. तुम्ही जे म्हणाल ते योग्यच असेल.

हवा कोरडी आहे, थंडी उतरली. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमच्या वर्गातली,
हेमा


वसई
२४ जानेवारी २०२६

प्रिय हेमा,

तुला आणि शरच्चंद्ररावांना प्रभूची शांती लाभो.

पत्र वाचलं. भिंग लागलंच. इथे मारिया म्हणून एक मुलगी आमचं बघते, तिने नकाशा खिडकीच्या काचेवर चिकटवून दिला, म्हणून नीट पाहता आला.

तू विचारलंस म्हणून उत्तर देते. माझं उत्तर 'नाही' असं आहे.

कारणही सांगते. मी सतरा वर्षांची असताना घर सोडलं. नंतर जिथे पाठवलं तिथे गेले. पुणे, सोलापूर, पुन्हा पुणे, आता इथे. ट्रंक नेहमी भरलेलीच असायची. कोणत्याही खोलीला मी माझी खोली म्हटलं नाही, म्हणायचं नसतंच. मदर क्लेअर आजारी होत्या तेव्हा मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. मला शेवटी फिलोमिनाच्या रांगेत ठेवा. त्या हो म्हणाल्या. आयुष्यात मी मागितलेली एवढी एकच जागा आहे.

फिलोमिना गेली तेव्हा खड्डा आम्हीच खणला. माणसं लावू नका म्हणाल्या मदर, आपली बहीण आहे. वरच्या सपाटीवर कुठेही कुदळ मारली की ठिणगी उडायची. त्या कोपऱ्यात कुदळ जमिनीत गेली. म्हणून तो कोपरा. तुझं तळंही त्याच कारणाने तिथे जातंय, हे मला समजतं.

मुलींचं वसतिगृह जाऊ देऊ नकोस. तुझ्या उत्कर्षाचं बरोबर आहे.

आता भूगोल. तू दोनच जागा लिहिल्यास, वरची सपाटी आणि खालचा कोपरा. मधल्या टप्प्यावर जिथे तू सभागृह काढलंस, तिथे आमची पेरूची बाग होती. सहलीला आलात की तुम्ही मुली कच्चे पेरू खायचात आणि मग पोट दुखायचं. पेरूला माती लागते, हेमा. तिथले खड्डे मी स्वतः घेतले होते, कमरेइतके. उंचीच्या रेषा पाहिल्या. वरून एक चर काढला तर पाणी तिथे येतं. कमी येईल, पण येईल. तिथे तळं का होत नाही, ते तुझ्या पत्रात नाही.

तू भूगोलाचं उत्तर कधी अर्धं लिहायची नाहीस.

हॉलचं चित्र छान आहे. फिलोमिनाला आवडलं असतं.

सुकेळी आणखी पाठवत नाही. शरच्चंद्ररावांना सांग, साखरेच्या तपासणीत चांगले गुण आले की पाठवीन.

तुझी,
सिस्टर रेजिना


शनिवार पेठ, पुणे
८ मार्च २०२६

आदरणीय सिस्टर,

उत्तराला उशीर झाला. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते तुम्हाला पटलं नसतं.

तुमचं पत्र मी जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि आत गेले. बाहेर आले तर ह्यांचं वाचून झालं होतं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "या वयात तुझा पेपर तपासून आला म्हणायचा. आणि लाल शाईत."

मी म्हटलं, "दुसऱ्यांची पत्रं वाचू नयेत."

"माझ्या सुकेळीचा उल्लेख आहे त्यात. मी पक्षकार आहे." मग म्हणाले, "हेमा, तिथे माती आहे हे तुला माहीत होतं?"

माहीत होतं, सिस्टर. सप्टेंबरात मोजणीच्या वेळी मधल्या टप्प्यावरही चाचणीचे खड्डे घेतले होते. माती चांगली खोल निघाली. तिथे तळं होऊ शकेल असं तेव्हाच मनात आलं. पण खालचा कोपरा अधिक सोपा होता, चर नको, काही नको, पाणी आपण होऊन येतं. म्हणून मी तिथे सभागृह काढलं, आणि एकदा खिडक्या काढून झाल्यावर मग त्या जागेचा दुसरा विचार करायचाच नाही, असं झालं. खाली सिस्टर आहेत हे कळल्यानंतरही केला नाही. तुम्हाला लिहिताना तळं वर नेलं तर वसतिगृह जातं, एवढंच लिहिलं. ते खोटं नव्हतं. पण मुलींच्या वसतिगृहाआड मी माझा हॉल उभा केला होता. आणि तुम्ही नाही म्हणणार नाही असं अध्यक्ष म्हणाले तेव्हा मी मान डोलावली होती. हे सांगायला लाज वाटते, म्हणून एकदाच लिहिते आणि पुढे जाते.

बैठक झाली. मी म्हटलं, सिस्टर रेजिनांचं उत्तर आलं आहे, त्यांची संमती नाही.

अध्यक्षांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे त्यांना वेळ हवाय?"

"नाही. त्या नाही म्हणाल्या."

"सिस्टर असून?"

उत्कर्षा म्हणाली, "सर, आपण विचारलं होतं ना? मग उत्तर दोन्हींपैकी एक येणारच."

मग मी नवा नकाशा मांडला. तळं पेरूच्या बागेच्या जागी. थोडं लहान, पण खोल. वसतिगृहाच्या छपराचं पाणी सरळ त्यात, आणि वरच्या उतारावर आडवा चर. मी आणि आमोदने सगळा हिशेब पुन्हा केला होता. सभागृहाला, त्याच्या हिरवळीला आणि गाड्या धुवायला जे पाणी लागणार होतं ते वजा केलं तर हे तळं पुरतं. म्हणजे सभागृह आणि हे तळं, दोन्ही एकत्र होणार नाहीत.

अध्यक्ष नकाशाकडे बघत राहिले. "पेरूच्या बागेखाली एवढी माती आहे, हे आपल्याला आत्ता कळलं?"

"समितीला आत्ता कळतंय. मला सप्टेंबरपासून माहीत होतं."

आमोद खिडकीबाहेर पाहत होता. मग अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी म्हटलं, माझीही नव्हती. तेव्हापासून ते मला 'आपण' म्हणतात. "आपण बसावं." "आपण सांगावं." इतकी वर्षं पुण्यात शिकवलंत, तेव्हा याचा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको.

पण नकाशा मंजूर झाला. नाइलाजाने झाला, कारण तळं नाही तर केंद्र नाही, ही अट त्यांनीच सगळ्या भाषणांत सांगून ठेवली होती.

आता एक अडचण राहिली आहे. सभागृहासाठी मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्यांनी देणगी कबूल केली होती, त्यांच्या आईच्या नावाने. मुक्ताबाई सभागृह. ते नाराज झाले. उत्कर्षा मला न सांगताच त्यांच्या गाळ्यावर गेली. कांद्याच्या गोण्यांवर बसून त्यांना म्हणाली, "सभागृहात तुमच्या आईंचं नाव वर्षातून चार कार्यक्रमांना कोणीतरी माईकवर वाचेल. वसतिगृहाला दिलंत तर मुली ते रोज घरी सांगतील. कुठं राहते? मुक्ताबाईंकडे." त्यांनी चहा पाजला, विचार करतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. त्यांनी नाही म्हटलं तर वसतिगृहाचा वरचा मजला मागे पडेल, म्हणजे पहिल्या वर्षी मुली निम्म्याच घेता येतील. उत्कर्षा दर दोन दिवसांनी यार्डात कांदे घ्यायला जाते. आमच्या ऑफिसात सगळ्यांकडे आता कांदे झाले आहेत.

खोदाई मागच्या सोमवारी सुरू झाली. मी गेले होते. काळी, ओलसर माती निघाली आणि तिच्यात पेरूची जुनी मुळं. ज्ञानदेवांनी एक मूळ उचलून वास घेतला आणि मला दिलं. मी घरी आणून गॅलरीत ठेवलं आहे. हे म्हणतात, "आता याला पाणी घालणार का?" घालते आहे. उगवणार नाही हे मला माहीत आहे.

हॉलचा नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवला. वाईट वाटलं, नाही असं नाही. तो शाळेचा हॉल पाडला तेव्हा मी नोकरीत होते. पाडायच्या परवानगीची फाइल आमच्याच खात्यातून गेली, दुसऱ्या टेबलावरून. मला नंतर कळलं. पुन्हा एकदा बांधून टाकावा असं तेव्हापासून मनात होतं, आणि तसं मी कोणालाही कधी म्हटलं नव्हतं. तुम्ही चित्र पाहून ओळखलंत. तेवढं पुष्कळ झालं.

फक्त एक गोष्ट मी ठेवली आहे. तळ्याच्या वसतिगृहाकडच्या बाजूला माती ढासळू नये म्हणून दगडी बांध घालायचाच आहे. तिथे तीन रुंद पायऱ्या येतात. मुलींना संध्याकाळी बसता येईल. त्यांची मापं मी आठवणीतूनच काढली, आणि आमोदला काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, एवढ्या रुंद पायऱ्या कशाला?" मी म्हटलं, "गाणं म्हणायला बसतात तेव्हा लागतात." त्याने तसं टिपून घेतलं. तुम्ही सांगाल तसं लिहितो तो, भला मुलगा आहे.

त्यानेच खालच्या कोपऱ्याचा नकाशा दुरुस्त केला. 'फुलांचे वाफे' हे शब्द खोडले आणि दगडांवर वाचून पाच जणींची नावं रांगेने लिहिली, सिस्टर फिलोमिनांपासून. मग सहाव्या जागेशी पेन्सिल थांबवून मला विचारलं, "इथे काय लिहू?"

मी म्हटलं, काही लिहू नकोस. चौकट काढ आणि मोकळी ठेव.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऊन फार चढायच्या आत तुमच्यासाठी गाडी पाठवते. मारियालाही बरोबर आणा. ज्ञानदेव विचारत होते सिस्टर कधी येणार, आणि लगेच घाबरून म्हणाले, "तसं न्हाई, भेटायला!" दिवसभर पायऱ्यांच्या जागी खुर्ची टाकून बसा, पाणी कुठे जातं ते बघा, चर चुकला असेल तर सांगा. उत्कर्षाला तुम्हाला भेटायचं आहे. नाही कसं म्हणायचं ते शिकायचंय म्हणते, तिला ते तुमच्याहून जास्त येतं तरी.

संध्याकाळी तीच गाडी तुम्हाला घेऊन परत वसईला निघेल. ते मी आधीच ठरवून टाकलं आहे.

तुमची जागा नीट आहे, सिस्टर. कोरडी आहे, मोकळी आहे, फिलोमिनांच्या रांगेतच आहे. तिला काही घाई नाही, आम्हालाही नाही.

अजून तुमच्याच वर्गात असलेली,
हेमा